लघवीची तक्रार, कंबरेचं दुखणं आणि प्रोस्टेट : कोणती खूण कधी गंभीर धरायची

साठीच्या माणसाला रात्री चार वेळा उठावं लागू लागलं की घरात दोन निदानं होतात. एक मोठ्याने : “वय झालं, चालायचंच.” दुसरं मनातल्या मनात : “प्रोस्टेटचा कॅन्सर तर नसेल?” बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. रात्री उठवणारं कारण बऱ्याचदा साधं आणि उपचाराने आटोक्यात येणारं असतं. कॅन्सर असतो तेव्हा मात्र तो सुरुवातीला बहुधा कुणाला उठवतच नाही. हा उलटा हिशेब आधी समजून घेतला नाही, तर लक्षणांची कितीही मोठी यादी पाठ करून उपयोग नाही.

ग्रंथी कुठे असते, आणि त्याने काय फरक पडतो

प्रोस्टेट म्हणजे पौरुष ग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, त्याच्या खालच्या बाजूला असते. आकाराने आक्रोडाएवढी, तरुणपणी वजन साधारण २० ग्रॅम. मूत्रनलिका तिच्या मधून जाते आणि तिच्या पाठीशी लगेच गुदाशय असतो.

वयानुसार या ग्रंथीचा नलिकेला लगटून असलेला आतला भाग वाढतो. ही वाढ कॅन्सरची नसते. पण नलिका दाबली जाते, म्हणून धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही थेंब गळत राहतात. कॅन्सर मात्र दहापैकी सातएक रुग्णांत बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथे गाठ बरीच वाढली तरी नलिकेला धक्का लागत नाही. म्हणूनच लघवी अगदी व्यवस्थित होत असताना कॅन्सर असू शकतो, आणि लघवीचा कितीही त्रास असला तरी त्यामागे कॅन्सर नसू शकतो.

दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचावं. त्या ऑपरेशनमध्ये आतला अडथळा खरवडून काढतात, बाहेरचा भाग तिथेच राहतो. “माझं प्रोस्टेट काढलंय, आता कसली भीती” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ग्रंथीच्या ज्या भागात कॅन्सर जास्त होतो तो भाग त्यांच्या शरीरात शाबूत असतो. तपासणीतून त्यांना सुट्टी नाही.

पहिली पायरी : आधी स्वतःचा धोका ओळखा

पन्नाशीच्या आत हा आजार क्वचित होतो, त्यानंतर दर दशकाला शक्यता वाढत जाते. वडील किंवा सख्खा भाऊ यांच्यापैकी कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त. दोघांना झाला असेल, किंवा त्यांना साठीच्या आत झाला असेल, तर आणखी जास्त.

आईकडची बाजू आपल्याकडे कुणी विचारातच घेत नाही. आई, मावशी, बहीण यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर त्यामागे बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष असू शकतो. तोच दोष मुलाकडे आला, विशेषतः त्यातला बीआरसीए-२, तर प्रोस्टेटचा कॅन्सर होण्याची आणि तो आक्रमक असण्याची शक्यता वाढते. बायकांच्या आजाराचा आपल्याशी काय संबंध, असं पुरुषांना वाटतं. संबंध थेट आहे.

घरातल्या मोठ्यांना विचारताना “आजोबांना कॅन्सर होता का?” एवढंच विचारू नका. त्या पिढीत निदान झालंच असेल असं नाही. “शेवटी त्यांना लघवीची नळी लावली होती का? कंबर धरून अंथरुणाला खिळले होते का? पाय गेले होते का?” असं विचारा. उत्तरावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती मिळते.

दुसरी पायरी : तीन दिवस वही ठेवा

डॉक्टरांसमोर बसल्यावर “त्रास होतो” यापलीकडे बोलणं सरकत नाही. त्यापेक्षा तीन दिवस नोंद करा. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं नको, प्लास्टिकचा वेगळा मग घ्या आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा करा. किती वाजता लघवी झाली, किती झाली, रात्री किती वेळा उठावं लागलं, चहा-पाणी किती आणि कधी घेतलं, घाई होऊन कपडे ओले झाले का, एवढंच लिहायचं.

या वहीतून निम्मे भ्रम गळून पडतात. दर वेळी ३००-४०० मिलिलिटर लघवी होत असेल आणि तीही दिवसभर वारंवार, तर आधी साखर तपासा. प्रोस्टेटवर संशय घेण्याआधी मधुमेह बघायचा असतो. दिवसा ठीक पण रात्रीच भरपूर होत असेल तर पायांवरची सूज, हृदयाचा आजार, घोरणं, किंवा रक्तदाबासाठीची ‘पाण्याची गोळी’ संध्याकाळी घेणं यांपैकी काहीतरी असू शकतं. दर वेळी थोडीशीच होते, पुन्हा अर्ध्या तासात जावंसं वाटतं, असं असेल तर मात्र अडथळा किंवा जंतुसंसर्ग यांचा विचार करावा लागतो.

मूत्ररोगतज्ज्ञ सात प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. पूर्ण रिकामं न झाल्यासारखं वाटणं, वारंवार जाणं, धार मध्येच तुटणं, घाई होणं, धार बारीक होणं, कुंथावं लागणं, रात्री उठणं. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. हे गुण कॅन्सरचे नाहीत, त्रासाचे आहेत, हे मात्र विसरू नका. ३० गुणांचा माणूस साध्या ग्रंथीवाढीचा असू शकतो आणि २ गुणांच्या माणसाला कॅन्सर असू शकतो.

आणखी एक बघायचं : त्रास कधीपासून? पाच-सात वर्षांत हळूहळू वाढलेला त्रास बहुधा ग्रंथीवाढीचा. दोन-चार महिन्यांत झपाट्याने बिघडलेला असेल तर लवकर दाखवा. आणि सर्दीचं औषध घेतल्यावर अचानक लघवी तुंबली असेल तर ते औषध डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधले घटक मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा मूत्राशयाचा जोर कमी करतात.

तिसरी पायरी : लघवीत किंवा वीर्यात रक्त

लघवी लाल दिसली तर आधी आदल्या दिवशीचं जेवण आठवा. बिटाने लघवी लाल होते, क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी होते. ते नसेल आणि खरोखर रक्त असेल तर एकदाच दिसलं, दुखलं नाही आणि आपोआप थांबलं, तरी दाखवायचंच. न दुखता येणारं रक्त हे उलट जास्त काळजीचं. त्यामागे प्रोस्टेटपेक्षा मूत्राशयाचा कॅन्सर असण्याची शक्यताही असते, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर “गोळीमुळेच झालं असेल” म्हणून सोडून देऊ नका. गोळी रक्तस्राव वाढवते, पण मुळात तो कुठून होतो हे शोधावंच लागतं. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

वीर्यात रक्त दिसलं की माणूस हादरतो. चाळिशीच्या आत ते बहुतेक वेळा किरकोळ सूज किंवा संसर्गाचं असतं आणि आपोआप जातं. चाळिशीनंतर, किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर तपासणी हवी. लिंगाला ताठरता न येणं हेही प्रोस्टेट कॅन्सरच्या लक्षणांच्या यादीत छापलेलं असतं. माझ्या मते सुरुवातीची खूण म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामागे मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू कितीतरी जास्त वेळा असतात. लघवी करताना जळजळ, म्हणजे उन्हाळी लागणं, हेही बहुधा संसर्गाचं.

चौथी पायरी : हाडांचं दुखणं नीट ऐका

उशीर होतो तो खरा इथे. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तेव्हा त्याला हाडं सर्वात जास्त आवडतात : कंबरेचे मणके, ओटीपोटाची हाडं, मांडीचं हाड, बरगड्या. आपल्याकडे अनेक रुग्णांचं निदान याच टप्प्यावर होतं. माणूस लघवीची तक्रार घेऊन येतच नाही, कंबर धरून येतो. आणि कंबर दुखली की आपल्याकडचा रस्ता ठरलेला : आधी तेल, मग पट्टा, मग एक्स-रे, मग “मणक्यात गॅप आलाय”, मग सायटिकाची गोळी, मग कुणीतरी सुचवलेला हाडं बसवणारा. यात सहा-आठ महिने सहज जातात.

कंबरदुखी घराघरात असते, प्रत्येकाला कॅन्सरची भीती घालण्यात अर्थ नाही. पण फरक ओळखता येतो. झिजेचं दुखणं वाकल्यावर, ओझं उचलल्यावर, बराच वेळ उभं राहिल्यावर वाढतं आणि आडवं पडलं की उतरतं. पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं पडल्यावरही थांबत नाही, रात्री जास्त जाणवतं, झोपेतून उठवतं, आठवड्यागणिक वाढतं आणि आज जी गोळी पुरली ती पुढच्या महिन्यात पुरत नाही. कधी दुखणं एका जागी नसतं; आज कंबर, पंधरा दिवसांनी बरगडी, मग खुबा. सोबत भूक मंदावणं, वजन उतरणं, चेहरा फिकट पडणं, थोड्या श्रमाने धाप लागणं.

वय पन्नाशीच्या पुढे, दुखणं नवं, आणि तीन-चार आठवड्यांत उतार नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : “पीएसएची तपासणी करून घ्यायची का?” काही शे रुपयांत होणारी रक्ताची तपासणी आहे. कुणी जोरात मालीश करत असेल किंवा मणका मोडून ‘बसवत’ असेल तर ते आधी थांबवा. कॅन्सरने पोखरलेलं हाड हलक्या झटक्यानेही मोडतं.

त्याच रात्री दवाखाना गाठायचा अशा खुणा

या बाबतीत सकाळची वाट बघू नये :

- कंबर किंवा पाठ दुखत असताना पायांतली ताकद जाणं, चालताना पाय लटपटणं, जिना चढता न येणं
- दोन्ही पाय, मांड्यांचा आतला भाग किंवा बसायची जागा बधिर होणं
- लघवी-शौचावरचा ताबा अचानक सुटणं
- पोट फुगलेलं, जोराची भावना, पण लघवीचा एक थेंबही नाही
- लघवीतून रक्ताच्या गाठी पडून लघवी अडकणं

पहिल्या तीन खुणा म्हणजे मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबते आहे, असं समजून चालायचं. लगेच एमआरआय आणि उपचार लागतात. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो पुढेही चालण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं अवघड होतं. तालुक्याच्या गावी एमआरआय नसेल तर तिथे दोन दिवस सलाइन लावून पडून राहू नका, जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात थेट जा. रुग्णाला बसवून नेण्यापेक्षा आडवं झोपवून न्यावं.

पाचवी पायरी : बोटाची तपासणी आणि पीएसए

तपासणी दोन प्रकारची. पहिलीत डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून, शौचाच्या जागेतून बोटाने ग्रंथी चाचपतात. मिनिटही लागत नाही, थोडं अवघडल्यासारखं होतं, फारसं दुखत नाही. साधी वाढलेली ग्रंथी मऊ आणि गुळगुळीत लागते; कडक गाठ, खडबडीतपणा किंवा एकच बाजू घट्ट लागली तर संशय येतो. लाजेपायी पुरुष ही तपासणी टाळतात आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात काही डॉक्टरही ती सोडून देतात. झाली नसेल तर स्वतः विचारा.

दुसरी पीएसए. हे प्रोस्टेटनेच तयार केलेलं प्रथिन. ते कॅन्सरमध्ये वाढतं, पण साध्या ग्रंथीवाढीत, संसर्गात, लघवी तुंबल्यावर आणि नळी टाकल्यावरही वाढतं. म्हणून तपासणी कधी केली याला मोठं महत्त्व आहे. लघवीत संसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर सहा-आठ आठवडे थांबा. आदल्या दोन दिवसांत वीर्यस्खलन आणि लांब पल्ल्याची सायकल टाळा. लघवी तुंबून नळी टाकलेल्या माणसाचं त्याच दिवशी रक्त घेतलं जातं, आकडा १५ येतो आणि सगळं घर रडायला लागतं. तो आकडा त्या दिवशी विश्वासाचा नसतो.

याच्या उलटची चूक जास्त धोक्याची. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड (वाढलेली ग्रंथी लहान करणारं औषध) असलेली गोळी आपल्याकडे खूप लिहिली जाते. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहाएक महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मं होतं. रिपोर्टवर ३ दिसलं तर ते ६ धरायचं. ही गोळी चालू असताना आकडा चढत असेल, तर तो ‘नॉर्मल’च्या चौकटीत असला तरी दाखवायचा. टक्कल पडू नये म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. ते लोक ही गोळी डॉक्टरांना सांगतच नाहीत.

रिपोर्ट वाचताना

लॅबच्या कागदावर बहुतेक वेळा ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा छापलेली असते. ४ च्या खाली कॅन्सर नाही आणि वर आहे, असं समजू नका. ४ ते १० या पट्ट्यातल्या बहुसंख्य पुरुषांना कॅन्सर नसतो. १० च्या पुढे शक्यता बरीच वाढते. आकडा शंभरात असेल तर आजार पसरलेला असण्याची भीती असते. पन्नाशीतल्या माणसाला ३.५ हे जितकं विचार करायला लावणारं, तितकं पंचाहत्तरीतल्या मोठ्या ग्रंथीच्या माणसाला नाही. एका आकड्यावर धावपळ करू नका. सहा-आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा करा.

सोनोग्राफीचा कागदही असाच घाबरवतो. “प्रोस्टेटोमेगाली, ग्रेड २, वजन ४८ ग्रॅम” याचा अर्थ ग्रंथी मोठी आहे, एवढाच. आकार मोठा म्हणजे कॅन्सर नव्हे. पोटाच्या सोनोग्राफीत कॅन्सर दिसला नाही म्हणजे तो नाही, असंही नाही. ती तपासणी त्यासाठी नसते. त्या कागदावर लघवीनंतर मूत्राशयात किती मिलिलिटर उरली आणि मूत्रपिंडांना सूज आहे का, हे दोन तपशील जास्त कामाचे.

संशय टिकला तर पुढे प्रोस्टेटचा एमआरआय. त्यात संशयाला १ ते ५ असे गुण देतात. ४-५ असेल तर सुईने तुकडा काढून तपासणी (बायोप्सी) जवळपास नक्की. “सुई लावली की कॅन्सर पसरतो” ही समजूत पक्की रुजलेली आहे आणि तिने लोकांचं नुकसान केलं आहे. तुकड्याशिवाय उपचार ठरत नाही. तुकडा काढल्यावर काही दिवस लघवीत आणि शौचात, काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच जायचं. तुकड्याच्या रिपोर्टवर ग्लिसन नावाचे ६ ते १० गुण असतात. ६ म्हणजे बहुधा संथ आजार, अनेकदा तर ऑपरेशनही न करता नियमित लक्ष ठेवलं जातं. ८ पासून पुढे आक्रमक.

लक्षणं नसताना तपासणी करावी का?

आपल्या सरकारी कर्करोग-तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख हे तीन आहेत, प्रोस्टेट नाही. यामागे निष्काळजीपणा नाही. पीएसएमुळे काही जीव वाचतात, तसे आयुष्यभर कधी त्रास न देणारे बारीक कॅन्सरही सापडतात, आणि त्यांच्या उपचारातून लघवी गळणं किंवा नपुंसकत्व पदरात पडतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा आणि सत्तरीनंतर सरसकट करू नका, असं सांगितलं.

माझं मत असं : घरात इतिहास असेल तर ४०-४५ पासून, नसेल तर पन्नाशीनंतर एकदा डॉक्टरांशी बसून ठरवावं आणि पहिल्या आकड्यावरून पुढचं अंतर ठरवावं. ऐंशीच्या वडिलांना काही त्रास नसताना वाढदिवसाची भेट म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज देऊ नये, त्यात पीएसए न विचारता घातलेलं असतं आणि मग नको त्या तपासण्यांची रांग लागते. हाड दुखत असेल तर मात्र वयाची अट नाही.

गोक्षुर किंवा चंद्रप्रभा वटी घेऊन धार सुधारली असेल तर वैद्यांना सांगून खुशाल घ्या, पण धार सुधारण्याचा आणि कॅन्सर नसण्याचा संबंध नाही. ही औषधं घेत असाल तरी पीएसए टळत नाही.

खर्चाचा धसका घेऊन निदान लांबवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, दाखल झाल्यावर नाही. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय ही कर्करोगाचीच रुग्णालयं आहेत. जाताना पीएसएचे सगळे जुने आकडे तारखेसह एका कागदावर, चालू औषधांची पाकिटं, एमआरआयची फिल्म किंवा सीडी, आणि तुकडा तपासला असेल तर फक्त रिपोर्ट नव्हे, लॅबमधून मागून घेतलेला, तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या सोबत न्या. त्या नसल्या की एक फेरी वाया जाते.

आणि निदान झालंच, तर ते सख्ख्या भावांना आणि मुलांना वयासकट सांगा. मुलगा नाशिकला असो नाहीतर न्यू जर्सीत, त्याच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असणार आहे : वडिलांना कितव्या वर्षी झाला?